कुत्रं उठून बसलं ना, मग अजून गोळ्या कशाला? टिक फीव्हर, २८ दिवस आणि जमवलेले पैसे

आमच्या गल्लीतल्या भुरी नावाच्या आजारी कुत्रीसाठी पैसे जमवायला घेतले तेव्हापासून लोक बरंच काही विचारतायत, पण सगळ्यात कामाचा प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला. "अगं, आता तर ती पोळी खाते, शेपूट हलवते, गेटपर्यंत चालत येते, मग अजून गोळ्या कशाच्या आणि पैसे कशाचे?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर गेटवर उभं राहून दोन वाक्यांत देता येत नाही, कारण या आजारात माणसं फसतात ती नेमकी इथेच. औषध लागू पडलं तर कुत्रं दोन-तीन दिवसांत बरं दिसायला लागतं, मग गोळ्या बंद होतात, पैसे येणं बंद होतं, आणि काही महिन्यांनी तेच कुत्रं आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत दवाखान्यात येतं. म्हणून म्हटलं सगळं सविस्तर लिहूनच काढू, काय आजार आहे, रक्तात काय होतं, पैसे कुठे लागतात आणि ते कसे मागायचे. औषध किती आणि कुठलं ते तुमचे डॉक्टरच सांगणार, ते इथे वाचून ठरवू नका.

भुरी आमच्या लोकमान्य नगरातलीच, फिकट तपकिरी, इंदूरच्या कुठल्याही गल्लीत असते तशी कुत्री. आधी तिचं खाणं कमी झालं, मग दिवसभर गाडीखाली पडून राहायला लागली, मग एक दिवस नाकातून रक्त. सगळ्यांनी हेच म्हटलं की कुणीतरी दगड मारला किंवा बाइकने उडवलं. अंगावर खरचटलेलं नाही, पाय मोडलेला नाही, आणि नाकातून रक्त थांबत नाहीये, असं दिसलं तर आपल्याकडे पहिला संशय टिक फीव्हरचाच घ्यायचा. गोचिडीमुळे होणारा ताप. किलनी म्हणा, गोचीड म्हणा, कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या मधे चिकटलेले ते करडे-तपकिरी दाणे सगळ्यांनी पाहिलेत.

आता "टिक फीव्हर" हा काही एकच आजार नाही. गोचिडीतून येणारे तीन-चार वेगवेगळे जंतू आहेत आणि बोलताना आपण सगळ्यांना हेच एक नाव देतो. मुख्य म्हणजे एर्लिकिया, हा एक बॅक्टेरिया आहे जो रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन बसतो. दुसरा बॅबेसिया, हा मलेरियाच्या जंतूसारखा तांबड्या पेशींत घुसतो आणि त्या फोडतो. तिसरा अॅनाप्लाझ्मा, हा थेट प्लेटलेट्समध्येच राहतो. आणि एक हेपॅटोझून, याची गंमत वेगळी, तो गोचीड चावल्याने नाही तर कुत्र्याने अंग चाटता-चावताना गोचीड गिळली की होतो. कधीकधी एकाच कुत्र्यात यातले दोन एकदम सापडतात. म्हणूनच एका कुत्र्याला जे औषध चाललं ते दुसऱ्याला चालेलच असं नसतं, आणि "माझ्या टॉमीला हे दिलं होतं, तुम्ही पण द्या" या सल्ल्याचा उपयोग होत नाही.

हे काही हल्ली आलेलं खूळ नाही बरं का. हेपॅटोझून भारतातच १९०५ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, बॅबेसियाची जी जात आपल्याकडे जास्त त्रास देते ती बॅबेसिया गिब्सोनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये सापडली, आणि एर्लिकिया १९३५ मध्ये अल्जीरियात. एर्लिकियाकडे जगाचं खरं लक्ष गेलं ते व्हिएतनाम युद्धात, १९६० च्या दशकाच्या शेवटी, तेव्हा अमेरिकन सैन्याचे जर्मन शेफर्ड मोठ्या संख्येने नाकातून रक्त येऊन मरायला लागले. चांगलं खाणारे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असणारे सैन्याचे कुत्रे. त्यामुळे "रस्त्यावरचं घाणेरडं कुत्रं आहे म्हणून झालं" असं कुणी म्हणालं की मला फार लागतं. गोचीड चावली की होतं, एवढंच.

या गोचिडीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण अर्धी लढाई तिच्याशीच आहे. आपल्याकडची ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते, पिल्लू असताना, मधल्या अवस्थेत आणि मोठी झाल्यावर, आणि दर वेळी पोट भरलं की कुत्र्यावरून खाली उतरते. उतरून जाते कुठे, तर भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, जिन्याखाली, दाराच्या चौकटीमागे. तिथेच कात टाकते, मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी आजूबाजूला लपलेल्या असतात, आणि मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने जगू शकते. राजवाड्याच्या मागच्या बाजूला जे जुने वाडे आहेत, लाकडी खांब, दगडी जोती, पोपडे आलेला चुना, तिथे तर त्यांना घरच मिळतं. आपलं इंदूर २०१७ पासून कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिल्या नंबरावर राहिलंय याचा मला खरंच अभिमान आहे, पण ही गोचीड कचऱ्यात राहत नाही, ती भेगेत राहते, त्यामुळे चकचकीत सोसायटीतल्या घरातल्या कुत्र्यालाही हा आजार होतो. उकाडा आणि दमट हवा तिला मानवते, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसते, पण आपल्याकडे वर्षभर असतेच.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. एर्लिकिया गोचिडीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू एर्लिकियापुरतं स्वच्छ असतं, ते आजारी कुत्र्याचं रक्त पितं तेव्हा त्यात जंतू शिरतो आणि पुढच्या अवस्थेत ते दुसऱ्या कुत्र्याला चावतं तेव्हा तो पसरतो. म्हणजे गल्लीतलं एक आजारी कुत्रं पूर्ण बरं केलं तर त्या गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांचा, तुमच्या घरातल्या लॅब्राडॉरचा सुद्धा, धोका कमी होतो. पैसे मागताना मी हे आवर्जून सांगते, कारण ही दया नाही फक्त, यात सगळ्यांचा फायदा आहे.

आता रक्तात काय होतं ते बघू. डेंग्यूमुळे प्लेटलेट्स हा शब्द आता घराघरांत माहीत आहे, रक्त गोठवणाऱ्या त्या छोट्या पेशी. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. एर्लिकिया शिरला की साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, आणि शरीर जंतूशी लढता लढता स्वतःच्याच प्लेटलेट्स मारायला लागतं, प्लीहा सुजते आणि तिथेही त्या अडकतात, शिवाय ज्या उरतात त्या धड काम करत नाहीत. ३०-४० हजारांच्या खाली आकडा गेला की न मारता न पडता रक्त यायला लागतं. नाकातून येतं ते दिसतं तरी, पण हिरड्यांवर किंवा पोटाच्या पातळ कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, काळी डांबरासारखी शी होते, डोळ्याच्या आत रक्त उतरतं आणि कधीकधी नजर जाते, हे सगळं त्याच एका कारणाने. म्हणून रस्त्यावरच्या आजारी कुत्र्याला बघायचं असेल, आणि ते चावणारं नसेल, तर ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असायला पाहिजे. पांढरी किंवा पिवळट दिसली, ठिपके दिसले, तर उद्यावर टाकू नका. लघवी गडद तांबूस किंवा कॉफीच्या रंगाची असेल तर बॅबेसियाचा संशय, तांबड्या पेशी फुटतायत असा त्याचा अर्थ. तापाचं एक ध्यानात ठेवा, कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून गरम लागलं म्हणजे ताप असंही नाही आणि थर्मामीटर १०१ दाखवतोय म्हणून घाबरायचंही कारण नाही.

आणि आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. एर्लिकियाच्या आजाराच्या तीन पायऱ्या असतात. पहिली जी आपल्याला दिसते, ताप, सुस्ती, रक्त येणं, ही काही आठवडे चालते. दुसरी पायरी म्हणजे कुत्रं वरून ठीक दिसतं, खातं-पितं, पण जंतू आत प्लीहेत वगैरे दबा धरून बसलेला असतो आणि प्लेटलेट्स थोड्या कमीच राहतात, ही पायरी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. काही कुत्री स्वतःहून जंतू संपवतात, सगळी नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यातली काही तिसऱ्या पायरीवर जातात, आणि ती फार वाईट, कारण तिथे हाडांतला मगज, जिथे सगळं रक्त तयार होतं, तोच बंद पडत जातो. मग पांढऱ्या पेशी नाहीत, तांबड्या नाहीत, प्लेटलेट्स नाहीत, साधा जंतुसंसर्ग सुद्धा झेपत नाही, आणि तिथून कुत्रं परत आणणं अनुभवी डॉक्टरांनाही फार कठीण जातं.

डॉक्सीसायक्लिन नावाची साधी, जुनी, स्वस्त गोळी एर्लिकियावर चालते. पहिल्या एक-दोन दिवसांतच ताप उतरतो, भूक लागते, शेपूट हलते. साधारण दोन आठवड्यांत प्लेटलेट्सचा आकडा सुद्धा बऱ्याचदा नॉर्मलला येतो. पण आकडा वर आला याचा अर्थ जंतू संपला असा नाही, तो पेशीच्या आत बसलेला असतो आणि ही गोळी त्याला वाढू देत नाही, हळूहळू संपवते, शरीराला त्याचा निकाल लावायला वेळ देते. म्हणून जगभर या आजारात २८ दिवसांचा कोर्स देतात. मधेच सोडला तर आपण कुत्र्याला पहिल्या पायरीवरून उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवतो, बरं केल्याच्या समाधानात. भुरी पोळी खाते म्हणजे गोळी काम करतेय, एवढाच त्याचा अर्थ, काकू.

गोळी देण्याचंही एक तंत्र आहे. उपाशी पोटी दिली तर उलटी होते. कोरडी गोळी घशात ढकलली तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते, म्हणून थोडं खाणं, मग गोळी, मग परत एक-दोन घास किंवा सिरिंजने थोडं पाणी. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या टॉनिकबरोबर देऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उलटीबरोबर गोळी बाहेर आली तर स्वतःच्या मनाने परत देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. बॅबेसिया असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एका जातीवर इमिडोकार्बचं इंजेक्शन चालतं, ते चांगलंच दुखतं आणि नंतर लाळ गळते, उलट्या होतात, आणि साधारण दोन आठवड्यांनी परत द्यावं लागतं, तर गिब्सोनीवर अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन ही जोडी देतात, आणि त्यातलं पहिलं औषध महाग आहे. खर्चाचा अंदाज एकदम उडी मारतो तो बऱ्याचदा इथे.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. ताप आहे म्हणून घरातली आयब्रुफेन, अॅस्पिरिन, कॉम्बिफ्लाम असलं काही कुत्र्याला देऊ नका, एकतर ती कुत्र्यांना विषारी पडू शकतात आणि प्लेटलेट्स कमी असताना पोटात रक्तस्राव सुरू होतो. आणि दुसरं, पोहे. आपल्या इंदुरात सकाळी ठेल्यावर उरलेले पोहे प्रेमाने कुत्र्यांपुढे टाकतात, वरून कच्चा कांदा, शेव, जीरावन मसाला सगळं त्यात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. निरोगी कुत्रं थोडंफार सहन करेल पण ज्याचं हिमोग्लोबिन आधीच तळाला आहे त्याला हे परवडत नाही. चिकनचं पाणी आणि भात द्यायचा तर त्यातही कांदा-लसूण-मसाला नको. पपईच्या पानांचा रस बरेच जण सुचवतात, डॉक्टरांना विचारून द्यायचा तर द्या, पण गोळीच्या ऐवजी नाही.

टेस्टबद्दल लोकांना वाटतं की डॉक्टर उगाच वाढवतात. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी मोजणी, ती तर लागणारच, तिच्याशिवाय अंधारात चाचपडणं आहे. त्याच्या जोडीला काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात त्याला स्मिअर म्हणतात, हे जरूर करून घ्या, कारण मशीन कधीकधी गुठळी झालेल्या प्लेटलेट्स मोजतच नाही आणि आकडा खोटाच कमी येतो, आणि बॅबेसिया तर स्मिअरमध्ये प्रत्यक्ष दिसू शकतो. किटवरची जी अँटिबॉडी टेस्ट असते ती फक्त एवढंच सांगते की या कुत्र्याची एर्लिकियाशी कधीतरी गाठ पडलीय, ती बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे कोर्स संपल्यावर तीच किट परत करून "अजून पॉझिटिव्ह आहे" म्हणून रडू नका. बरं होतंय की नाही ते सीबीसीवरून कळतं, जंतू खरंच आहे का ते हवं असेल तर पीसीआर. किडनी-लिव्हरची टेस्ट एकदा करावी, कारण एर्लिकियाने किडनीलाही इजा होते.

हिमोग्लोबिन फार खाली गेलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, श्वास जोरात, उभं राहवत नाही, तर रक्त चढवावं लागतं. माणसाचं रक्त कुत्र्याला चालत नाही, कुत्र्याला कुत्र्याचंच लागतं. कुत्र्यांचेही रक्तगट असतात, त्यात डीईए १ हा सगळ्यात महत्त्वाचा. माणसात चुकीच्या गटाचं रक्त पहिल्याच वेळी जिवावर बेतू शकतं, कुत्र्यात तशा तयार अँटिबॉडीज सहसा नसतात, म्हणून पहिल्यांदा रक्त देताना मोठी रिअॅक्शन येण्याची शक्यता कमी असते, तरी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते आधी तपासणं, केलेलं चांगलं, आणि दुसऱ्यांदा देताना तर क्रॉसमॅच केल्याशिवाय देऊच नये. रक्त देणारा कुत्रा तब्येतीने दणकट हवा, साधारण २५ किलोच्या वर, वय एक ते आठ वर्षं, लसीकरण झालेलं, आणि त्याला स्वतःला टिक फीव्हर नाही हे तपासलेलं. तुमच्याकडे असा लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर असेल तर प्लीज डॉक्टरांकडे त्याचं नाव रक्तदाता म्हणून देऊन ठेवा. ऐन वेळी रात्री अकराला ग्रुपवर मेसेज टाकून दाता शोधणं किती जीव खातं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. भुरीला ज्या शेफर्डने रक्त दिलं त्याच्या घरच्यांनी चहासुद्धा न घेता दवाखान्यात तासभर त्याला धरून ठेवलं, हे उपकार मी विसरणार नाही. रक्त चढवल्याने आजार बरा होत नाही हेही सांगून ठेवते, प्लेटलेट्स तर त्यातून फारशा मिळतही नाहीत आणि मिळतात त्या टिकत नाहीत, फक्त औषधाला काम करायला वेळ मिळतो.

आता पैसे. मला वाटतं बहुतेक जण इथे एकच गोष्ट करतात, रक्ताने माखलेला फोटो, "मदत करा, वेळ कमी आहे", आणि खाली नंबर. पहिल्या दिवशी पैसे येतात, भरभरून येतात, मग कुत्रं उठून बसल्याचा व्हिडिओ टाकला की लोकांना वाटतं झालं काम, आणि खरा लांबचा खर्च, तीन-साडेतीन आठवड्यांच्या गोळ्या, परत-परतच्या सीबीसी, गोचिडीचं औषध, तो एकट्या माणसाच्या खिशावर येतो. मग तो माणूस गोळ्या लवकर थांबवतो. म्हणून पैसे मागतानाच टप्पे सांगा. डॉक्टरांकडून कागदावर अंदाज लिहून घ्या, पहिले तीन-चार दिवस अॅडमिट आणि ड्रिप, टेस्ट किती, रक्त लागलं तर किती, मग घरी २८ दिवसांपर्यंतचं औषध, मग नंतरच्या तपासण्या. समजा सगळं मिळून अंदाज २०,००० निघाला आणि त्यातला अर्धाच पहिल्या आठवड्याचा असेल, तर मेसेजमध्ये तसंच लिहा की अर्धा आता आणि अर्धा पुढच्या तीन आठवड्यांत लागणार आहे. लोकांना हे पटतं, माझा तरी अनुभव असाच आहे, आणि गणपती मंडळाच्या ग्रुपवर ज्यांनी पहिल्यांदा काहीच दिलं नव्हतं त्यांनी नंतर दर आठवड्याला थोडे-थोडे दिले.

विश्वास टिकवायचा तर शक्य तेवढे पैसे थेट दवाखान्याला किंवा मेडिकलवाल्याला द्यायला सांगा. तुमच्या खात्यात घेत असाल तर घरातला नाही असा अजून एक माणूस हिशेब बघायला ठेवा, आमच्याकडे समोरचे दादा बघतात, ते बँकेतून रिटायर झालेत आणि एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. बिलांचे फोटो तारखेसकट टाका. पैसे उरले तर काय करणार आणि कुत्रं वाचलं नाही तर काय करणार, हे सुरुवातीलाच लिहा, नंतर विचारलं तर देणाऱ्यालाही अवघड होतं आणि तुम्हालाही. कुत्रं नेमकं कुठल्या घरी आहे तो पत्ता मात्र जाहीर टाकू नका, लोक आणखी आजारी कुत्री गेटला बांधून जातात.

कायद्याचं थोडंसं. देणगीवरची टॅक्स सूट, जिला सगळे ८०जी म्हणून ओळखतात, ती फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, त्यातही नव्या टॅक्स पद्धतीत नाही आणि २,००० च्या वरची रोख चालत नाही, तुमच्या-माझ्या खात्यात टाकलेल्या पैशांवर तर काहीच नाही, त्यामुळे तसं खोटं आश्वासन देऊ नका. आणि नातेवाईक सोडून इतरांकडून एका वर्षात ५०,००० च्या वर रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात आली तर ती तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते, मोठी रक्कम जमवायची असेल तर एखाद्या संस्थेमार्फत किंवा क्राउडफंडिंग साइटवरून करा आणि सीएला विचारा. साइट असेल तर तिचं शुल्क किती कापलं जातं तेही आधी बघा. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. "मी ५,००० देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असा फोन हमखास येतो अशा वेळी, सरळ कट करा.

पैसे जमवणं एवढाच रस्ता नाही, खर्च कमी करणंही त्यातलंच. महूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५ पासूनचं, इंदूरहून तासाभराच्या आत, कठीण केस असेल तर तिथे दाखवता येतं. १९६२ नंबरवर फोन केला तर सरकारी फिरता पशुदवाखाना थोड्या फीमध्ये येतो, दवाखान्यात नेता न येणाऱ्या कुत्र्यासाठी चांगली सोय आहे. डॉक्सीसायक्लिन माणसांच्या मेडिकलमध्येही मिळते, डॉक्टरांना विचारा की जेनेरिक चालेल का, जनऔषधी केंद्रात चौकशी करा, गोळ्यांच्या खर्चात बराच फरक पडतो. ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांना दुसरं काम द्या. कुणी रिक्षाने दवाखान्यात नेतं, कुणी दुपारची गोळी देतं, एका वहिनींनी जुन्या साड्यांच्या घड्या अंथरायला दिल्या. रेस्क्यू एकट्याने करणारा माणूस दहाव्या-बाराव्या दिवशी थकतो आणि गोळी चुकायला लागते, त्याला तेव्हा साथ हवी असते.

प्रत्येक कुत्रं वाचतं असं मी म्हणणार नाही. लवकर पकडलं तर एर्लिकियात बरं होण्याची शक्यता खूप चांगली असते. पण मगज बंद पडलाय, आठवडाभर औषध देऊनही तीनही पेशी खालीच आहेत, परत-परत रक्त द्यावं लागतंय, अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा की याच्या नशिबात काय आहे, आणि जे कळेल ते देणाऱ्यांनाही तसंच सांगा. आशेच्या नावाखाली पैसे मागत राहणं बरोबर नाही आणि कुत्र्याला त्रास देत राहणंही नाही. वेदना थांबवणं हाही उपचारच आहे आणि त्यासाठी लागलेला पैसा वाया गेला असं कुणी मानू नये.

कोर्स संपला की लगेच फंड बंद करू नका. औषध थांबल्यावर साधारण महिन्याने एक सीबीसी आणि तीन महिन्यांनी अजून एक, प्लेटलेट्स स्वतःच्या बळावर टिकल्यात का ते बघायला. या आजारावर आपल्याकडे लस नाही, आणि एकदा झाला म्हणून परत होत नाही असंही नाही, परत गोचीड चावली की परत होऊ शकतो, आणि एर्लिकिया पसरवायला तिला चावल्यावर काही तासच पुरतात. म्हणून गोचिडीचं औषध हा त्याच फंडातला खर्च धरा. महिन्याला एक किंवा तीन महिन्यांना एक अशा चघळायच्या गोळ्या मिळतात, फक्त कुत्र्याला फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल आणि घरात मांजर असेल तर डबीवर परमेथ्रिन लिहिलंय का ते बघा, मांजरीला ते जीवघेणं असतं. रॉकेल, फिनाइल, डेटॉल अंगाला चोळू नका. अंगावरची गोचीड हातमोजे घालून चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका. आणि भेगा भरून घ्या, जिन्याखालचं, अंथरुणाखालचं झाडून काढा, फवारणी केलीत तर काही आठवड्यांनी परत करा कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत.

भुरीच्या फंडात आत्ता गोळ्यांचे पैसे पूर्ण आहेत. कमी पडतायत ते पुढच्या दोन सीबीसी आणि गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांसाठी गोचिडीच्या गोळ्या. हिशेबाचा कागद दादांकडे आहे, कुणालाही कधीही बघता येईल. आणि ज्यांच्याकडे २५ किलोच्या वरचा निरोगी कुत्रा आहे त्यांनी त्याचं नाव, वय, वजन आणि शेवटच्या लसीची तारीख मला कळवा, रक्तदात्यांची यादी करून ती दवाखान्यात लावायला देणार आहे.